साडेनऊ मात्रांची गत

त्या मैफलीतून थोरलीला मिळण्यासारखं बरंच होतं. गुरुजींच्या घरातली रिकामी खोली होती, गुरुजींची रोजची शिकवणी होती, आणि कुणाशीही वाटून न घ्यावी लागणारी टाळी होती. खोलीबद्दल आणि शिकवणीबद्दल ती उघड बोलायची. टाळीबद्दल मात्र तिने कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, आणि तिच्या मनातला खरा माल तोच होता. बाकीचं वरचं वेष्टन.

गुरुजी म्हणजे सतारीतलं मोठं नाव. वय झालेलं, मुलंबाळं लांब, घर मोठं. संगीत मंडळाची चिटणीस असलेल्या मावशीला त्यांनी सांगितलं होतं, "घरात एक तरुण माणूस हवंय. रोज सकाळी माझ्याबरोबर बसणारं. सतारीचं मिळालं तर शिकवीन, तबल्याचं मिळालं तर साथीला घेईन. पण खोली एकच आहे."

मावशीने लगेच फोन लावला, बहिणीला. "अगं, तुझ्या घरात दोन्ही आहेत! थोरलीची सतार, टिचक्याचा तबला. मी मंडळात दोघांचा कार्यक्रम ठेवते, गुरुजींना पुढे बसवते. कुणीतरी एक लागेलच."

आईचा फोन स्पीकरवर होता. 'कुणीतरी एक' हे शब्द थोरलीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकले. त्या दिवसापासून तिची भूक कमी झाली.

टिचक्या तिचा धाकटा भाऊ. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. पाळण्यात होता तेव्हापासून हाताला येईल त्यावर टिचक्या मारायचा म्हणून टिचक्या. जेवणाच्या टेबलावर, बसच्या सीटवर, बाबांच्या चष्म्याच्या दुकानातल्या रिकाम्या डब्यांवर, आणि एकदा तर आजारी काकांना भेटायला गेला असताना त्यांच्या खाटेच्या लोखंडी दांड्यावर. काकांनी डोळे न उघडता "पुढचं वाजव" म्हटलं होतं. घरात हा किस्सा इतक्यांदा सांगितला जाई, की थोरलीला त्या काकांचाही राग यायचा.

बरं, मुलगा वाईट असता तर काम सोपं होतं. तो तिची सतार जिन्यावरून उचलून न्यायचा, तारेने तिचं बोट कापलं की पट्टी शोधून आणायचा, तिच्या आलापात मान डोलवायचा, आणि ती मानही दिखाऊ नसायची. परक्याचा हेवा करायला थोडे कष्ट पडतात, त्याचे दोष शोधावे लागतात. घरच्याचा हेवा दोष नसतानाही होतो. उलट तेव्हाच जास्त होतो.

आता टाळीचं प्रकरण. सतारीच्या खुंट्या पिळून होईपर्यंत अर्धं सभागृह एकमेकांच्या मुलांची चौकशी करून घेतं. मग थोरली आलाप सुरू करायची. एकेक स्वर घासून, पुसून, उजेडाला धरून दाखवायची. लोक डोळे मिटून बसत. काही ऐकायला, काही नुसतेच. मग गत, म्हणजे तालात बांधलेली रचना, सुरू व्हायची, तबल्यावर पहिली थाप पडायची, आणि मिटलेले सगळे डोळे उघडायचे. टिचक्याने एक जलद तुकडा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमका आणून आपटला की टाळी. चिरलं, परतलं, घाम गाळला तिने. वाढायला आला तो, आणि "वा, काय चव आहे" त्याला.

गेल्या कार्यक्रमानंतर मावशी तिच्या गालाला हात लावून म्हणाली होती, "तुझं ते सुरुवातीचं टुंगटुंग गोड असतं हं. पण खरी मजा तबला लागल्यावर!"

"मावशी, त्याला आलाप म्हणतात."

"तेच गं ते."

टुंगटुंग! पाच वर्षांची असल्यापासून डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पाडून घेतले, ते टुंगटुंग.

तर थोरलीने विचार केला. सोळा मात्रांचा तीनताल वाजवला तर टिचक्या तिथे घरच्यासारखा हिंडणार आणि गुरुजी त्यालाच उचलणार. तीनताल नकोच. तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी कधीतरी एक गत दिली होती, साडेनऊ मात्रांची. साडेनऊ म्हणजे जिना सरळ उतरत यावा आणि शेवटची पायरी अर्धीच असावी. माहीत असेल तो ऐटीत उतरतो, नसेल तो तोंडावर पडतो. ही गत टिचक्याबरोबर तिने कधी वाजवलीच नव्हती. मंचावर आयत्या वेळी तीच काढायची. पडला तर पडला.

यात बेकायदा काही नव्हतं, हे महत्त्वाचं. कुठली गत घ्यायची हे मुख्य वाजवणाऱ्याने ठरवायचं आणि साथीदाराने ऐकून ओळखायचं, ही रीतच आहे. मोठमोठे हे करतात. मत्सराला रीतीचा इस्त्रीचा सदरा चढवला की तो चारचौघांत बसवता येतो.

तिने तयारी सुरू केली. मागच्या खोलीचं दार लावायचं, कानांत हेडफोन घालायचे, आणि मोबाइलमधल्या तबल्याबरोबर वाजवायचं. हा तबलजी फार गुणी. जेवढं सांगाल तेवढंच वाजवी, दमत नसे, टाळी घेत नसे. साडेनऊ मात्रा तो रोज त्याच आवाजात, त्याच वजनात मोजून द्यायचा, आणि सम आली की पडद्यावर एक लाल ठिपका पेटायचा. थोरली ठिपक्यावर नजर ठेवून तान घ्यायची आणि बरोबर तिथे उतरायची. दर वेळी. तिला वाटलं, आपल्याला साडेनऊ आलं. खरं तर आला होता तो फक्त ठिपका.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी टिचक्याने तबल्याची हातोडी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "ताई, उद्या तीनतालच ना?"

"हो रे. नेहमीचंच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? सही करून देऊ?"

"नको नको," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं तिला तेव्हा खटकलं नाही. ती स्वतःचा चेहरा सांभाळण्यात गुंतली होती.

मंडळाचे कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होत. पुस्तकांची कपाटं भिंतीकडे सरकवलेली, मध्ये खुर्च्या, पुढे बुटका मंच. पहिल्या रांगेत मधोमध गुरुजी, शेजारी मावशी, तिच्या शेजारी आईबाबा. गुरुजींनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता आणि त्या हाताची बोटं म्हणजे आजचे परीक्षक, हे थोरलीने बसल्याबसल्या हेरलं.

आलाप उत्तम झाला. इथे तिला कमी लेखू नये. मत्सराने माणसाचा हात बिघडतो असं म्हणतात, ते काही खरं नाही. कधीकधी तो जास्तच लखलखतो. गुरुजींनी दोनदा मान हलवली. दुसऱ्यांदा "अहा" म्हणाले. थोरलीने ते "अहा" जपून ठेवलं आणि साडेनऊची गत काढली.

टिचक्याचा हात तबल्याच्या वर थांबला. पहिलं आवर्तन, साडेनऊ मात्रांचा एक फेरा, त्याने जाऊ दिलं. दुसऱ्यात डग्ग्यावर बोटं नुसती टेकवली. थोरलीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आता पडेल.

तिसऱ्या आवर्तनाला त्याने समेवर थाप मारली आणि ठेका धरला. अचूक. नुसता अचूक नाही. घडवलेला, गोलाई दिलेला, मधल्या मात्रांना हलकेच मागे खेचून शेवटच्या दीड मात्रेत झपकन पुढे टाकणारा. मागच्या रांगेतून कुणीतरी "क्या बात है" म्हणालं. अजून तर त्याने काही केलंही नव्हतं!

ठीक आहे, तिने मनात म्हटलं, मग माझं बघ. तिने लांब तान घेतली, पाठ केलेली, खोलीत शंभर वेळा उतरलेली. पण खोलीतला तबला एका आवाजात बोलायचा, आणि हा दुसऱ्याच चालीने चालत होता. मात्रा तेवढ्याच, वाट वेगळी. तानेच्या मध्यावर तिने सवयीने खाली पाहिलं. तिथे सतरंजी होती. लाल ठिपका नव्हता.

ती समेवर उतरली. आत्मविश्वासाने उतरली. आणि अर्धी मात्रा लवकर उतरली.

अशा वेळी तबलजीला दोन वाटा असतात. आपण बरोबर आहोत म्हणून ठेका पुढे चालवायचा, म्हणजे सतार उघडी पडते. नाहीतर ठेका मोडून तिच्यापाशी उडी मारायची. विचार करायला अवधी नसतो. जो हाडाचा असतो तो हाताने ठरवतो. टिचक्याने अर्धी मात्रा गिळली आणि तिच्या समेवर, जणू तीच खरी, असा सणसणीत 'धा' हाणला.

सभागृहात टाळी पडली.

गुरुजींचं बोट मात्र गुडघ्याच्या वर हवेतच राहिलं. साडेनऊसारख्या तालात मोजणारा माणूस ठेक्याला धरून मोजतो, आणि तुटला होता ठेका. त्यांनी तबल्याकडे पाहिलं. कपाळावर एक आठी आली.

पुढची सगळी गत थोरली भावाच्या आधाराने वाजवत गेली. सम जवळ आली की तो डग्गा जरा दाबायचा, ओठांनी मात्रा पुटपुटायचा, तिच्याकडे बघायचा. रस्ता ओलांडताना लहानपणी ती त्याचं मनगट धरायची. आता त्याने तिचं धरलं होतं, तेही लोकांना दिसू न देता. इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती, आणि इतका रागही.

कार्यक्रमानंतर सगळे बालविभागात जमले. मोठ्या माणसांनी बुटक्या रंगीत खुर्च्यांवर बसून चहा घ्यायचा, अशी मंडळाची सोय. गुरुजी उभेच राहिले.

"आलाप छान होता," ते थोरलीला म्हणाले. मग दोघांकडे पाहून विचारलं, "गतीत अर्धी मात्रा गेली. कुठे गेली?"

थोरली उजव्या हाताच्या बोटातली, सतार छेडायची तारेची नखी काढत होती. नखी निघाली होती, तरी ती काढतच राहिली.

"माझ्याकडून गेली, गुरुजी," टिचक्या म्हणाला.

"काय झालं?"

"ताईची तान ऐकत राहिलो. मोजणं सुटलं."

"साथ करणाऱ्याने ऐकावं, पण मोजणं सोडू नये. हात गोड आहे तुझा. भरवसा मात्र अजून नाही."

"हो, गुरुजी."

"मला बाई काहीच कळलं नाही," मावशी म्हणाली. "तिथे तर टाळी पडली होती!"

"टाळीचं काय," गुरुजी म्हणाले, "ती चुकीवरही पडते."

हे वाक्य थोरलीने वर्षानुवर्षं ऐकायला तडफडावं असं होतं. ते आज मिळालं, तर तिला ते घेता येईना. गुरुजींनी चहाचा कप ठेवला आणि तिला विचारलं, "पहिल्या तारखेपासून येशील?" आईने डोळे पुसले, बाबांनी उगाच चष्मा काढून पुसला. बोलायची ती वेळ होती. थोरली म्हणाली, "येईन."

परतताना बाबा गाडी चालवत होते, आई पुढे बसून मावशीशी फोनवर बोलत होती. मागे भावंडं, आणि दोघांच्या मांड्यांवर आडवी सतार.

"का म्हणालास तसं?" तिने हळू आवाजात विचारलं.

"मग काय म्हणू? ताई पडली म्हणू?"

"साडेनऊ तुला कसं आलं? आपण कधी वाजवलं नाही."

टिचक्या खूश झाला. या प्रश्नाची तो वाटच बघत होता. "भिंतीला कान असतात, माझे तर मोठे आहेत. तू दार लावून रोज वाजवायचीस, सतार तर ऐकू यायची! मला वाटलं, तू मला कोडं घालतेयस. म्हटलं, आपणही माहीत नसल्याचं सोंग करू. पहिलं आवर्तन हात वर धरून बसलो, बघितलंस ना? कसं वाटलं?"

"आणि तो ठेका?"

"तुझ्यासाठी बांधला. गतीच्या वळणावर. साधा ठेका तिला शोभत नव्हता." मग जरा ओशाळून, "तूच त्यात अडकलीस ना? तू कशाबरोबर वाजवायचीस ते मला ऐकू नाही आलं."

येणार कसं? ते तिच्या कानांत होतं.

"तुलाही जायचं होतं ना गुरुजींकडे?" तिने विचारलं.

"होतं की. पण तू थोरली. आधी तू जा, मग माझं बघ. तू असशीलच की तिथे."

घर अजून लांब होतं. खरं बोलायला चार वाक्यं लागली असती. थोरलीने खिडकीची काच वर केली. त्याचा हात चांगला आहे, या रागाची तिला सवय होती. आता मनही चांगलं निघालं, म्हणजे राग करायला आणखी एक जागा झाली.

ती गुरुजींकडे राहायला गेली. इकडे मंडळातल्या मात्रा मोजणाऱ्या लोकांनी आपसांत ठरवून टाकलं, की मुलगा चांगला आहे पण मोठ्या माणसासमोर ताल सुटतो. असं एकाने म्हटलं की दहाजणांना ते स्वतःला कळलेलं वाटतं. बोलावणी कमी झाली, मग थांबली. टिचक्या बाबांच्या दुकानात बसू लागला. चष्म्याच्या दांड्या गरम करून लोकांच्या कानांना बसवणं त्याला छान जमायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, हात हलका आहे.

गुरुजींकडे साथीला एक वयस्कर तबलजी येत. हात थकलेला, पण चाल घड्याळाची. एका सकाळी गुरुजींनी थोरलीला तीच साडेनऊची गत काढायला लावली. तिने तान घेतली, उतरली, अर्धी मात्रा आधी उतरली. तबलजी आपल्या ठेक्याने पुढे निघून गेले. ती एकटी पडली.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले.

पुन्हा तेच, तिथेच.

गुरुजींनी हात वर करून तबला थांबवला. "त्या दिवशीही हीच जागा होती," ते म्हणाले. "तो चुकला नव्हता. त्याने तुला झेललं होतं."

थोरलीने मान खाली घातली.

"चुकतं माणूस. साडेनऊ मी तुला हातावर मोजून शिकवीन," गुरुजी म्हणाले. "पण मी त्या पोराला सगळ्यांसमोर बोललो. हे आमचे तबलजी महिनाअखेर मुलाकडे राहायला चाललेत. मला त्याच्यासारखा झेलणारा माणूस हवा. माळ्यावरची खोली साफ करून घेऊ. रविवारी घरी जातेयस ना? त्याला सांग, मी बोलावलंय. मी चुकलो होतो, हेही सांग."

"सांगते," थोरली म्हणाली.

रविवारी ती घरी गेली तेव्हा टिचक्या दुकानातून नुकताच आला होता. त्याने तिची पिशवी घेतली, पाण्याचा ग्लास दिला, गुरुजी काय शिकवतात ते खोदून खोदून विचारलं, आणि तिने सांगितलेला एक तोडा लगेच टेबलावर वाजवून दाखवला. तिला तो बसायला आठवडा लागला होता. आई ओट्यापाशी हातातलं काम थांबवून ऐकत होती. त्याचं ऐकत होती.

"ताई," त्याने अखेर विचारलं, "गुरुजी माझ्याबद्दल कधी काही म्हणतात का गं?"

टेबलावर त्याची बोटं थांबली होती. एरवी ती कधी थांबत नसत.

"नाही रे," थोरली म्हणाली. "विसरले असतील."

"विसरले असतील तर बरंच," तो म्हणाला. "चूक होती ना."

गुरुजींना तिने सांगितलं, "त्याने दुकानात लक्ष घातलंय. तबला सोडला म्हणाला." गुरुजी "अरेरे" म्हणाले आणि माळ्यावरची खोली बंदच राहिली.

तर हिशेब असा मिटला. गुरुजींचा एक साथीदार गेला, आणि तो आपल्यावरच्या रागाने गेला असं समजून ते हळहळतात. टिचक्याने दोनदा भरलं. पहिल्यांदा समेवर, आपल्या खुशीने. दुसऱ्यांदा त्याच्या नावावर परस्पर वसूल झालं, आणि ते त्याला ठाऊकही नाही. थोरलीला खोली मिळाली, शिकवणी मिळाली, टाळी आता सगळी तिची. तिने अजून काही भरलेलं नाही.